लाल चौकड्यांचं शेपूट

सिबली मिल, अलाबामा
१४ ऑक्टोबर

रॉइस,

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. शनिवारी तुझ्या शिकारीच्या कार्यक्रमात कॅन्ससचा एक हरणाचा नर गेला, पण त्याचं तुला काही सुतक असावं असं दिसलं नाही.

हो, बघतो मी तुझं 'एकच गोळी'. दर शनिवारी सकाळी मिस्टर हॉलिस यांच्या दुकानात, उकडलेल्या शेंगांच्या पातेल्याच्या वर जो टीव्ही लटकतोय, त्यावर. आपल्या गावचा पोरगा टीव्हीवर, म्हणून मंडळी छाती फुगवून बसतात. मी मागच्या खुर्चीत बसतो आणि शेंगा टरफलासकट चावतो.

नर देखणा होता. दहा टोकांची शिंगं, मान वळूसारखी. पण उभा कसा होता ते बघितलंस का? तिरका, तुझ्याकडे ढुंगण करून. अशा जनावरावर गोळी झाडायची नाही, हे डॅडींनी आपल्याला दुधाचे दात पडायच्या आधी शिकवलं होतं. थांबायचं. ते आडवं होतं, पुढचा पाय पुढे टाकतं, मग खांद्याच्या मागे, खालच्या बाजूला, जिथे काळीज आणि फुप्फुसं आहेत तिथे. दोन मिनिटं लागतात याला. पण दोन मिनिटांत तुमची जाहिरात यायची असते.

गोळी बसली शेवटच्या बरगडीच्याही एक वीत मागे. नराने पाठीला कुबड काढलं, शेपूट खाली घातलं आणि पोट धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा झाडीत गेला. आणि तू काय केलंस? त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. गर्रकन वळलास आणि कॅमेरावाल्याला विचारलंस, "लागली ना? लागली ना रे?"

तो बोकडदाढीचा कॅमेरावाला ओरडला, "लोळवलास त्याला, रॉइस! जागच्या जागी!"

जागच्या जागी होता तर झाडीत कोण गेलं?

मग मिठ्या. मग आभाळाकडे बोट. मग काडतुसं बनवणाऱ्यांचे आभार, आधी देवाचे की आधी त्यांचे ते माझ्या लक्षात राहिलं नाही. मग पाटी आली, 'दुसऱ्या दिवशी सकाळी', आणि तू शिंगं धरून गुडघ्यावर बसलेला. "बरोब्बर खांद्यामागे. त्याला कळलंही नसेल," म्हणालास. रात्रभर कळत होतं त्याला, रॉइस. आणि कॅमेरा नराच्या छातीपुढेच का फिरत होता, मागे का जात नव्हता, तेही मला कळलं. मागचा भाग कोयोटी कोल्ह्यांनी खाल्ला होता.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर हॉलिस वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी उठून उभे राहिले. मला म्हणाले, "बघ लमार, तुझा भाऊ!" आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? म्हणून तुला लिहितोय.

डॅडींच्या अंत्यविधीनंतर जेवणाच्या टेबलावर मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो की तुला नेम नाही, नशीब आहे. तू ताट तसंच ठेवून निघून गेलास. त्याबद्दल मी माफी मागतोय असं समजू नकोस. आता नशीबही राहिलेलं नाही, एवढंच कळवायचं होतं.

आणखी एक. तुझा कार्यक्रम बनवणाऱ्या त्या ब्रिनलीबाईंचं पत्र आपल्या शिकारीच्या कॅम्पवर आलं. १० जानेवारीला सगळा लवाजमा घेऊन येणार आणि भिंतीवरच्या तुझ्या शर्टाच्या शेपटाचं चित्रीकरण करणार. 'रॉइस टिडमोर आयुष्यात एकदाच चुकला!' असं काहीतरी तिचं आहे. कॅम्पमध्ये मतदान झालं. अकरा हात वर गेले. माझा खाली होता.

येऊ नकोस.

लमार

---

सिबली मिल
५ नोव्हेंबर

रॉइस,

तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक होतं, पण उत्तर द्यायला त्या पोरीला पुढे करशील असं वाटलं नव्हतं. ब्रिनलीचा काल फोन आला. आवाज गोड आहे. मला 'मिस्टर लमार, सर' म्हणाली, म्हणजे आईबापांनी चांगलं वळण लावलंय आणि पुढचं तू बिघडवतोयस.

"ती शर्टाची भिंत म्हणजे नक्की काय आहे, सर?" तिने विचारलं.

मी सांगितलं. हरणावर नेम धरून जो चुकला, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि कॅम्पच्या भिंतीला ठोकायचं. शर्ट नवा असो, बायकोने दिलेला असो, सुटका नाही. कापताना सगळ्यांनी हसायचं, ज्याचं कापलं त्यानेही हसायचं.

"किती गोड!" ती म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, दुसरा नियम ऐका. गोड नाहीये. गोळी चुकली तर शर्ट. गोळी लागली आणि जनावर सापडलं नाही, तर बंदूक. कपाटात ठेवायची, कपाटाला कुलूप, किल्ली कॅम्पातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे, हंगाम संपेपर्यंत. कोणी हसायचं नाही. तो नियम माझ्या वडलांनी केला."

पलीकडे तिच्या लिहिण्याचा आवाज थांबला होता. म्हणाली, "आपण शर्टावरच राहू या, सर."

राहा. तुमचं सगळं शर्टावरच चाललंय. तुझ्या अंगातल्या त्या शर्टावर सतरा कंपन्यांची नावं शिवलेली आहेत, कापायला शेपूट तरी मोकळं आहे का?

तुला वाटत असेल, म्हातारा जळतो. जळू दे तसं वाटलं तर. पण माझा धंदा तुला ठाऊक आहे. लोक हरणाला भलतीकडे गोळी घालतात, मग रडत मला फोन करतात, मग मी आणि माझी कुत्री मेबल माग काढायला जातो. मेबल आता नऊ वर्षांची आहे, एक कान फाटलेला, नाक अजून शाबूत. जिथे गोळी लागली तिथे मी गुडघ्यावर बसतो. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, हरीण शंभर पावलांवर पडलेलं असतं. काळपट असेल तर यकृत, चार तास थांबा. पांढरे केस आणि हिरवट घाण, वास येणारी, असेल तर पोट. मग दिवसभर हात बांधून बसायचं. घाईने मागे गेलं तर ते उठून पळतं आणि कुठेतरी एकटं मरतं. लोकांच्या चुका मी नाकाने ओळखतो.

तर या हंगामात मला आलेल्या फोनांपैकी निम्मे तुझ्या नावाने सुरू होतात. परवा बर्मिंगहॅमचा एक दातांचा डॉक्टर. पाचशे यार्डांवरून झाडली. मी विचारलं, "का हो?" तर म्हणाला, "रॉइस टिडमोर सातशेवरून मारतो. मी बघितलंय."

तू सातशेवरून मारलंस ते मीही बघितलंय. मोंटानाचं ते थोराड एल्क हरीण. पहिली गोळी खाली, दुसरी मागच्या पायात, तिसरी कुठे गेली ते मोंटानालाच माहीत. मग तू बोट ओलं करून हवेत धरलंस आणि म्हणालास वारा फिरला. नाचता येईना अंगण वाकडं.

दातांच्या डॉक्टरने हरणाचा खालचा जबडा उडवला होता. दातांच्याच डॉक्टरने! सहाव्या दिवशी सापडलं, ओढ्याच्या काठावर. पाण्यात तोंड घालून उभं होतं. पिता येत नव्हतं. मी काय केलं ते लिहीत नाही. डॉक्टर गाडीत बसून राहिला.

ते लाल चौकड्यांचं शेपूट मी टीव्हीवर दाखवू देणार नाही. कारण विचारू नकोस. कॅम्पच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे, एवढं कारण पुरे.

लमार

---

सिबली मिल
थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, २९ नोव्हेंबर

रॉइस,

आज अलाबामा-ऑबर्नची फुटबॉलची मॅच आहे. गावात चिटपाखरू नाही. मी रेडिओ लावलेला नाही. वर्षानुवर्षं या मॅचला मी रेडिओ लावत नाही आणि ज्युनेलला वाटतं मला कमी ऐकू येतं म्हणून. ज्युनेल म्हणजे मिस्टर हॉलिस यांची मुलगी, तू तिला शाळेत बेडूक दाखवून पळवायचास ती. ती आता कॅम्पचं स्वयंपाकघर सांभाळते. तिने कपाळावर हात मारून मला सांगितलं, "लमार, तुझ्या भावाला येऊ दे एकदाचं. जन्मात एकदा चुकला, ते दाखवायला येतोय. मोठेपणाच आहे की तो! बाकीचे चुकलेलं लपवतात."

मी टोपी उचलून घरी आलो.

तिचं ऐकून मला ती संध्याकाळ आठवली. असाच शनिवार. तू सोळा वर्षांचा, मी चोवीस. दोन उन्हाळे गवताचे गठ्ठे वाहून तू ती बंदूक घेतली होतीस. आईने लाल चौकड्यांचा शर्ट शिवून दिला होता, नाताळचा, पण तू महिनाभर आधीच घातलास. ओटच्या शेताच्या कडेला तू झाडावर आणि मी पलीकडच्या बांधावर. बार झाला तेव्हा मी धावत आलो. तू झाडावरून उतरून उभा होतास. मला, थोरल्या भावाला, तू तेव्हा बब्बा म्हणायचास.

"लागली, बब्बा," म्हणालास. "धप्प असा आवाज आला. मी ऐकला."

मी शेतात जाऊन बघून आलो आणि म्हणालो, "ओंडक्यात घुसली असेल. साफ चुकलास."

तू पुन्हा म्हणालास, "पण आवाज आला."

मी म्हणालो, "मोठा कोण, तू का मी?"

मग गाडीत बसून कॅम्पवर आलो. डॅडींनी कात्री काढली, सगळे हसले, तू रडता रडता हसलास. आईने नंतर उरलेल्या शर्टाला खालून शिवण घातली आणि तोच तू शाळेत घालून गेलास.

साफ चुकली होती. मी स्वतः बघितलं होतं. माझा शब्द डॅडींनी खरा मानला, तूही मानलास. उगाच जुनं उकरायचं नाही.

ठीक आहे, ये. सगळ्यांचं मन मोडून मी एकटा किती दिवस दार अडवून बसू? पण एक अट. तुझ्या लोकांना सांग, त्या शेपटाजवळ उभं करून माझ्याशी बोलायचं नाही. बाकीची भिंत दाखवा हवी तेवढी. मिस्टर हॉलिस यांची नऊ शेपटं आहेत, ते आनंदाने बोलतील. त्यांना बोलायला विषय लागत नाही.

लमार

---

सिबली मिल
८ जानेवारी

रॉइस,

हे पत्र तुझ्या मोटेलच्या काउंटरवर ठेवून जातोय. समोर आलो तर पहिल्याच वाक्याला भांडू.

ब्रिनलीने ठरवलंय की शनिवारी सकाळी मचाणावर तू आणि मी शेजारी शेजारी बसायचं. 'दोन भाऊ पुन्हा एकत्र.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बसतो.

माझं मागणं एकच आहे. त्या जागेवर ओटच्या शेतात नव्वद यार्डांवर हरणं येतात. नव्वद! ज्युनेल तवा फेकून मारेल इतकं जवळ. आडवं होईपर्यंत थांब. प्रकाश जाऊ दे, कार्यक्रम जाऊ दे, ती पोरगी कानात काय वाटेल ते बोलू दे. आडवं झालं नाही तर खाली उतरू आणि ज्युनेलची सॉसेजं खाऊ.

माझ्यासमोर पोटात गोळी घालू नकोस, रॉइस. ते मला पुन्हा बघवणार नाही.

लमार

---

सिबली मिल
रविवार, ११ जानेवारी

रॉइस,

तुझं विमान वेळेवर सुटलं असेल. काल दुपारनंतर इथे काय झालं ते तुला कळायला हवं. आणि काल सकाळी काय झालं तेही लिहितो, कारण तुझ्या लोकांनी जे कापून जोडून ठेवलं असेल ते बघून तुला तेच खरं वाटायला लागेल.

अकरा वर्षांनी शेजारी बसलो. तुझ्या केसांना रंग लावलेला होता आणि अंगाला, माणसाचा वास हरणाला लागू नये म्हणून मारतात त्या फवाऱ्याचा वास येत होता. तू खिशातून शेंगा काढून माझ्यापुढे धरल्यास, न बोलता, आणि मी घेतल्या. तेवढा अर्धा तास बरा गेला, हे कबूल करतो.

मग नर आला. आठ टोकांचा. तिरका उभा राहिला, अगदी कॅन्ससच्यासारखा. मी म्हटलं, "थांब." तुझ्या कानातल्या त्या गोळीएवढ्या यंत्रातून ब्रिनलीचं कुजबुजणं मलाही ऐकू आलं, उजेड आत्ता छान आहे म्हणून. मी पुन्हा म्हटलं, "थांब रे." आणि तू झाडलीस.

ओल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज आला. नराने कुबड काढलं आणि चालत ओढ्याच्या बाजूला गेला. कॅमेरावाल्याच्या चौकटीत तो नव्हताच, कारण त्याला तुझं तोंड टिपायचं होतं. तो म्हणाला, "चुकली वाटतं."

आणि तू वळलास. कॅमेऱ्याकडे नाही. माझ्याकडे. "लागली का, बब्बा?"

मला बब्बा म्हणणारा जगात आता तू एकटाच आहेस. मी म्हणालो, "लागली. पोटात."

खाली ब्रिनली टाळ्या वाजवत आली. "चुकली? चुकली तर उत्तमच! चाळीस वर्षांनी दुसरं शेपूट! मी रडणार आता!" मी वरून सांगितलं, "बाई, लागलीय, शेतात जाऊन बघा, पांढरे केस पडले असतील." ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पोटात लागलेलं आम्हाला दाखवता येत नाही, सर. चुकलेलं येतं."

मी तुझ्याकडे बघितलं. तू बुटांकडे बघत होतास. म्हणालास, "चुकलीच असेल, बब्बा."

पुढचं तुला आठवत असेल, तरी लिहितो. कॅम्पात सगळे जमले. मिस्टर हॉलिस यांनी डॅडींची कात्री माझ्या हातात दिली, घरातल्या मोठ्याने कापायचं म्हणून. मी ती टेबलावर ठेवली. त्यांच्याकडे सरकवली तर त्यांनीही उचलली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, टीव्हीवर तुला बघून उभा राहणारा, खिडकीबाहेर बघत बसला. मग तू स्वतःच कात्री घेतलीस, मागे हात नेलास आणि आपलंच शेपूट आपणच कापलंस. वाकडंतिकडं. त्यावर बंदुकीच्या तेलाच्या कंपनीचं अर्धं नाव आलं. कॅमेऱ्याकडे बघून हसलास, एकटाच. पडलो तरी नाक वर, दुसरं काय? टेबलाजवळ उभा राहून तुझ्याविषयी मला जितकी घृणा वाटली तितकी आयुष्यात कोणाविषयी वाटली नसेल, असं मी तेव्हा समजत होतो.

निघताना तू गाडीची काच खाली केलीस. ब्रिनली फोनवर होती. तू हळू आवाजात म्हणालास, "बब्बा, मला धप्प आवाज आला होता."

मी म्हणालो, "जा आता. विमान चुकेल."

चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा तू मला तेच वाक्य म्हणालास आणि दुसऱ्यांदा मी तोंड फिरवलं.

दुपारी तीनपर्यंत मी थांबलो. मग मेबलला लांब दोरी बांधून शेतात नेलं. पांढरे केस, हिरवी घाण, सगळं होतं तिथे. दोन तास लागले. ओढ्याकाठच्या वेळूच्या बनात तो बसलेला होता, मान ताठ, अजून जिवंत. मला बघून उठायला गेला आणि मागचे पाय उचललेच नाहीत. डॅडींच्या बंदुकीने मी ते संपवलं. मेबल त्याच्याशेजारी बसली आणि मीही बसलो, कारण ती जागा माझ्या ओळखीची होती. तिथून वीस पावलांवर दुसरा एक नर मेला होता. तुझा. आठच टोकांचा.

आता ऐक. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी मी शेतात गेलो तेव्हा पांढरे केस बुटाखाली आले. वाकलो तर वास आला. तुझी गोळी लागली होती, रॉइस. पोटात लागली होती आणि तुझ्या कानांनी बरोबर ऐकलं होतं. मी केसांवर माती लोटली आणि परत येऊन तुला सांगितलं की साफ चुकलास.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पोराची बंदूक पहिल्याच हंगामात कुलपात जाऊ नये म्हणून खोटं बोललो. भावाच्या मायेने. फार छान वाटायचं ते. खोटं आहे. मॅच सुरू व्हायला पाऊण तास होता. माग काढायचा तर रात्रभर थंडीत वेळूत रांगावं लागलं असतं आणि मला रेडिओ ऐकायचा होता. एवढंच. तू शर्ट कापून घेऊन रडत होतास तेव्हा मी कोपऱ्यात कान लावून बसलो होतो, स्कोअर किती झाला म्हणून.

चौथ्या दिवशी ओढ्यावर गिधाडं फिरायला लागली. मी एकटा गेलो. बघून आलो. कोणाला काही बोललो नाही.

म्हणून मी दर शनिवारी मागच्या खुर्चीत बसून टरफलं चावतो. तू गोळी झाडतोस आणि जनावराकडे न बघता शेजारच्याला विचारतोस, 'लागली ना?' मंडळींना ती तुझी लकब वाटते. मला माहीत आहे ती कुठून आली. सोळा वर्षांच्या पोराने आपल्या कानांनी ऐकलेलं मी खोटं पाडलं. तेव्हापासून तू आपले डोळे-कान गुंडाळून ठेवलेस आणि शेजारी जो उभा असेल त्याचा शब्द खरा मानलास. आधी माझा. मग कॅमेरावाल्याचा. खाई त्याला खवखवे म्हणतात. चाळीस वर्षं मला खवखवत होतं आणि शिव्या तुला घालत होतो.

तुझा दोष नाही असं म्हणत नाही. छप्पन्न वर्षांच्या माणसाला हरणाचं कुबड दिसत नाही होय? दिसतं. काल तुला दिसलं होतं. तू 'चुकलीच असेल' म्हणालास तेव्हा तुझा आवाज हुबेहूब माझ्यासारखा होता. तेवढं ऐकून मला पुरे झालं.

आज सकाळी कॅम्पवर न्याहारीला सगळे होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं. आधी कालचं, मग तेव्हाचं, मॅचसकट. ज्युनेलच्या हातात भाजायचा झारा तसाच राहिला. कोणी हसलं नाही.

मिस्टर हॉलिस यांनी पुष्कळ वेळ ग्रेव्ही ढवळली. मग म्हणाले, "चाळीस वर्षं थांबलास कशाला रे? आण इकडे बंदूक."

आणली. त्यांनी स्वतः ती कपाटात ठेवली. मी म्हटलं, हंगाम संपायला आता महिनाच उरलाय. ते म्हणाले, "चाळीस वर्षांचं व्याज कोण भरणार? पुढचाही हंगाम." मी हो म्हटलं. मग ज्युनेल म्हणाली, "आणि ती शेपटं? भिंतीवर खोटं ठेवायचं नाही." कालचं तेलाच्या कंपनीचं तिने चुलीत घातलं. लाल चौकड्यांचं मी काढलं. खिळा गंजला होता, डॅडींच्या अक्षरातली तारीख अजून वाचता येते. भिंतीवर त्या जागी लाकडाचा उजळ चौकोन दिसतोय.

शेपूट या पाकिटात आहे. ते तुझंच आहे, तुझ्याकडे राहू दे. तू त्या दिवशी चुकला नव्हतास. वाईट लागली होती, पण लागली होती, आणि तुला ते कळलं होतं. माग काढायला मोठ्या भावाने तुझ्याबरोबर यायला हवं होतं. तो आला नाही.

कालच्या नराचे खांदे आणि पाठीचं मांस चांगलं निघालं, ज्युनेलने ठेवलंय. शिंगं मी तारेने दाराशी बांधलीत. टीव्हीवर काय दाखवायचं ते तुझं तू ठरव. मी आता चिठ्ठ्या लिहून ओरडणार नाही.

कपाटात माझ्या बंदुकीशेजारची खाच रिकामी आहे. ती तुझी होती, डॅडींनी तुझं नाव चाकूने कोरलेलं आहे. मिस्टर हॉलिस यांनी कपाटाला अजून कुलूप लावलेलं नाही. म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत वाट बघतो. दोघांच्या बंदुका एकदमच कुलपात घालू."

बंदूक घेऊन ये.

बब्बा